प्रिया आता पुण्याला आहे

पुणे,
भाद्रपद वद्य चतुर्थी

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
ताईचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे सगळे फोनवर सांगता आले असते. पण फोनवर बाबा "बरं, ठेवतो" म्हणून मोकळे होतात आणि आई विषय मुलांच्या जेवणावर नेते, म्हणून लिहायला बसले आहे. पत्र दोघांनी एकत्र बसून वाचावे. आईला माझे अक्षर आता लागत नाही, तेव्हा बाबांनी ते मोठ्याने वाचून दाखवावे आणि मधले काही गाळू नये.

आधी मुख्य गोष्ट सांगते. गौरींचे विसर्जन झाल्यावर दुसऱ्या दिवशी "क्लचची केबल बदलून, सर्व्हिसिंग करून आणते" असे सांगून मी आपली प्रिया स्कूटर दारातून बाहेर काढली. ती गॅरेजमध्ये नाही. मी ती टेम्पोत चढवून पुण्याला आणली आहे. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, पाऊस लागणार नाही अशा कोपऱ्यात, ती आच्छादन घालून उभी आहे आणि ती पुन्हा साताऱ्याला यायची नाही. बाबा, गाडी तुमच्या नावावर आहे. ती विकायची की ठेवायची, कुणाला द्यायची, हे सर्वस्वी तुम्ही ठरवाल आणि तुमच्या सहीशिवाय तिचा एक कागदही हलणार नाही. मात्र ती तुम्ही चालवायची नाही, हे मी ठरवले आहे. तुम्हाला न विचारता ठरवले आणि खोटे सांगून अमलात आणले, याची टोचणी आठ-दहा दिवस मनाला आहे. गेल्या रविवारी "केबल मिळाली का गं?" असे तुम्ही विचारलेत तेव्हा माझ्याकडून "अजून नाही" असे उत्तर गेले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

पण बाबा, खोटे तुम्हीही बोललात. आईचा हात मोरीत घसरून मोडला, असे तुम्ही दोघांनी मला आणि सोन्याला सांगितलेत. शेजारच्या काकूंनी हळदीकुंकवाच्या दिवशी सहज विषय काढला नसता, तर श्रावणी सोमवारी यवतेश्वरच्या घाटात काय झाले, ते आम्हाला कधी कळलेच नसते. सकाळची रक्तदाबाची गोळी घेतलेली, उपवास म्हणून पोटात नुसता चहा, वर देवळात रांगेत उभे राहणे, आणि उतरताना शहर खाली दिसते त्या वळणावर डोळ्यांपुढे अंधारी. गाडी डोंगराच्या बाजूला कलंडली म्हणून आईच्या डाव्या मनगटावर निभावले. दुसऱ्या बाजूला काय आहे, हे आपल्या घरात कुणाला सांगायला नको. मी ते वळण रोज डोळ्यांसमोर आणते आणि रोज मनातून पुसते. तुम्ही आम्हाला काळजी नको म्हणून लपवलेत, हे मला समजते. मीही काळजीपोटीच लपवले. आता दोन्ही बाजूंचे लपवणे संपले, असे धरून पुढचे वाचावे.

बाबा, तुम्हाला गाडी येत नाही, असे मला मुळीच म्हणायचे नाही. तुमच्याइतकी जपून गाडी चालवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. सत्त्याहत्तराव्या वर्षी हाताने गिअर टाकायची गाडी चढावर नेणे हे आमच्याने होणार नाही. प्रश्न हाताचा नाही, त्या एका क्षणाच्या भोवळीचा आहे, आणि ती कधी येईल ते तुमच्या हातात नाही. डॉक्टरांशी मी स्वतः बोलले. उभे राहिल्यावर तुमचा रक्तदाब पडतो, म्हणून त्यांनी गोळीची वेळ बदलली आहे, आणि रिकाम्या पोटी गोळी घ्यायची नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. आजीच्या वेळी आपण सगळ्यांनी "बघू पुढच्या महिन्यात" म्हणत वेळ घालवला होता. तो पुढचा महिना कसा गेला, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आठवते. मला ते पुन्हा नको आहे.

पार्किंगमध्ये तिच्यावर आच्छादन घालण्यापूर्वी मी पुढची डिकी उघडली. आत जुन्या बनियनच्या फडक्यात गुंडाळलेला जादा प्लग होता, पॉलिश पेपरचा तुकडा होता, आणि प्लास्टिकच्या डबीत तुमचे ते भिंग होते. मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. मी तिसरीत असताना ही गाडी घरी आली. आपल्याच साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत बनलेली, त्यामुळे आपल्या गल्लीत तिचे कौतुक घरच्या लेकीसारखे झाले होते. सोन्या पुढे उभा, हँडलला धरून. मग तुम्ही, मग मी, आणि माझ्यामागे एका बाजूला पाय सोडून बसलेली आई, मांडीवर डब्याची पिशवी. समर्थ मंदिरावरून बोगद्यापाशी आलो की तुम्ही खिंडीतल्या गणपतीच्या दिशेने क्षणभर मान लववायचात आणि मग यवतेश्वरचा चढ सुरू व्हायचा. घाटात गाडी हमखास एकदा बंद पडायची. तुम्ही न चिडता ती कडेला घ्यायचात, प्लग काढून त्यावरची काजळी पॉलिश पेपरने घासायचात, फुंकर मारायचात, आणि एवढ्या वेळात आई डब्यातून धपाटे काढून आम्हा दोघांच्या हातावर ठेवायची. धुक्याने ते कडेकडेने ओले व्हायचे. पुढे मी किती ठिकाणी काय काय खाल्ले, पण घाटातल्या त्या धपाट्याची चव मला दुसरीकडे मिळाली नाही.

कासच्या पठारावर तेव्हा आपल्याखेरीज गुराख्यांची चार पोरे असायची. तुम्ही मला पालथे झोपवून हातात भिंग दिलेत, तो दिवस मला लख्ख आठवतो. ओला जांभा दगड पोटाला गार लागत होता आणि समोर इतकी इवली जांभळी फुले होती की उभ्याने ती नुसती रंगाची सांड वाटली असती. "ही सीतेची आसवं. दिसायला नाजूक आहेत, पण मुळापाशी बारीक फुगे असतात, त्यांत ती किडे ओढून घेतात. या मातीत त्यांना पोटभर मिळत नाही, म्हणून त्यांनी ही सोय केली," असे तुम्ही म्हणालात. वर्गात तुम्ही मुलांना असेच शिकवत असणार. दगडावर मातीचा थर एवढा पातळ, की मोठ्या झाडाला मूळ धरता येत नाही. पावसाचे चार महिने पाणी थांबते, तेवढ्यात उगवायचे, फुलायचे आणि बी टाकून मोकळे व्हायचे, हे पठाराचे गणित मला तिथेच कळले. गेंदांची पांढरी चादर, पिवळा मिकी माऊस, सोनकी, तेरडा, आणि डबक्यातला तुमचा लाडका वायतुरा, ज्याच्या शास्त्रीय नावात आपल्या साताऱ्याचे नाव आहे. अपोनोजेटॉन सातारेन्सिस. हे नाव मी चौथीत पाठ केले होते आणि बाईंनी मला ते फळ्यावर लिहायला लावले होते. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारसा ठरले, तेव्हा तुम्ही मला फोन करून पेढे वाटल्याच्या आवाजात सांगितले होते, जणू काही आपल्या अंगणाला मान मिळाला. आपल्या घरच्या नळाला येणारे पाणी कासच्या तलावातून नुसत्या उताराने साताऱ्यात येते, हेही तुम्हीच मला पाण्याचा तांब्या हातात धरून सांगितलेत. म्हणून कासला जाणे हे आपल्याकडे सहलीला जाणे नव्हते, ते आपल्या पाण्याच्या माहेरी जाणे होते. मग ते मी तुमच्यापासून कसे काढून घेईन? मी काढून घेतली ती फक्त गाडी. हे वाक्य बाबांनी आईला दोनदा वाचून दाखवावे.

आता पुढची व्यवस्था सांगते. मी ती नीट विचार करून केली आहे. आपल्या पेठेतलेच, सोन्याबरोबर शाळेत असलेले आणि आता स्वतःची गाडी भाड्याने चालवणारे गृहस्थ तुम्ही ओळखता. दर पंधरवड्याला एक दिवस ते दाराशी येतील. पैसे मी महिन्याचे महिन्याला परस्पर देते. त्यावरून तुम्ही त्यांच्याशी किंवा माझ्याशी वाद घालू नये. मीही महिन्यातून एकदा येणार आहे, आणि माझ्या येण्याचा दिवस तुमच्या फेरीच्या दिवसाशी जुळवणार आहे. त्यांना मी सांगून ठेवले आहे की बाबा पुढे बसतात, त्यांना काच थोडी खाली लागते, आणि आईला वळणांवर मळमळते म्हणून घाटात गाडी सावकाश घ्यायची. आईसाठी आवळा सुपारीची डबी त्यांच्या गाडीत ठेवलेली असेल.

रोजच्या जाण्यायेण्याचाही विचार केला आहे. बाबा सकाळी नगर वाचनालयात जातात ते उताराने चालत जावे, चालणे चांगलेच आहे. पण परत येताना पेठेचा चढ आहे, तेव्हा रिक्षाने यावे. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या काकांना मी सांगितले आहे, ते अकराच्या सुमारास राजवाड्यापाशी असतात. मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन येणे आता नको. भाजी एका वेळी थोडी आणावी. जास्त लागली तर काकूंचा मुलगा आणून देईल, त्याला त्यात आनंदच आहे. औषधे दुकानदार घरी पाठवतील. हे सगळे वाचून "आम्हाला काय आता पांगळे करून ठेवणार का" असे बाबांच्या मनात येईल, हे मला माहीत आहे. तसे नाही, बाबा. तुमच्या पायांनी पुढची पुष्कळ वर्षे चालावे, म्हणूनच मी त्यांच्यावरचे ओझे कमी करते आहे.

फेऱ्या कुठे काढायच्या, तेही मी ऋतूप्रमाणे मनाशी धरले आहे. त्यात बदल करायचा तर तुमचा शब्द अखेरचा. ज्वारीची कणसे भरली की शेतावर हुरड्याला जाऊ. तिथे गाडी बांधापर्यंत जाते आणि आईला खुर्ची मिळेल, असे मी विचारून घेतले आहे. थंडीत एकदा माहुलीला संगमावर जायचे. कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात त्या घाटाच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, तेव्हा पाण्यापर्यंत उतरायचे नाही, वरच्या ओट्यावरून नमस्कार करायचा. सोन्याला लहानपणी शाहू महाराजांच्या कुत्र्याच्या समाधीपाशी नेले की तो तिथून हलत नसे. त्याची मुलगी आता तशीच आहे, तिलाही यंदा तिथे घेऊन जायचे आहे.

सज्जनगडाचे मात्र थोडे मन घट्ट करून लिहिते. दासनवमीला गडावर जायचे हे तुमचे व्रत आहे आणि ते मोडावे असे मला वाटत नाही; पण त्या गर्दीत पायऱ्या चढण्याची घाई आता शरीराला झेपणारी नाही. उत्सव संपल्यावर आठवडाभराने, एखाद्या साध्या दिवशी, सकाळच्या उन्हात आपण जाऊ. गाडी वरच्या तळापर्यंत जाते, तिथून पायऱ्या दहा-दहा करून चढू, मध्ये बसू आणि उरमोडीचे पाणी पाहू. वेळ लागला तर लागू दे, आपल्याला कुठे परीक्षेला जायचे आहे? एखाद्या दिवशी चढवले नाही, तर खालूनच हात जोडू. समर्थांना तुमचा पन्नास वर्षांचा नमस्कार ठाऊक आहे.

उन्हाळ्यात लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीवर न्यायचे मी कबूल करते, कारण आईने ती पुन्हा पाहायची म्हणून तीन वर्षे सांगितले आहे. १७१९ ते १७२४ या काळात वीरुबाईंनी बांधलेली ती विहीर, तिच्या पोटातला तो गार महाल, आणि वर बारा मोटांच्या जागा. "विहिरीत राजवाडा बांधला," असे आई आम्हाला सांगायची आणि मी आत उतरताना तिचा पदर घट्ट धरायची. या वेळी तू माझा हात धरायचा, आई. पायऱ्या रुंद आहेत, पण आत अंधार आहे आणि तुझे मनगट अजून कच्चे आहे. मे महिन्याच्या संध्याकाळी अजिंक्यताऱ्यावर गाडीने दरवाज्याजवळपर्यंत जाऊन वाऱ्याला बसू. करवंदे यवतेश्वरच्या वाटेवर बायका द्रोणात घेऊन बसतात, ती घेऊ. बाबांना पिकलेली चार, जास्त नाही.

ठोसेघरबद्दल मी अजून काही ठरवलेले नाही. आषाढात त्या रस्त्याला धुके इतके असते की पुढचा दिवाही दिसत नाही, आणि धबधब्याकडे उतरायच्या पायऱ्या ओल्या असतात. पण बाबांना तो आवाज ऐकायचा असतो, पाहायचा नसतो, हे मला माहीत आहे. पुढच्या पावसाळ्यात उघडीप बघून ठरवू. सज्जनगड फाट्यावर भाजलेले कणीस खाऊन परत आलो, तरी ती फेरीच.

आई, आता तुला थोडे बोलते. हाताचे प्लास्टर काढल्यावर डॉक्टरांनी चेंडू दाबायचा व्यायाम दिला आहे, तो तू करत नाहीस, असे मला कळले आहे. सकाळी देवपूजेनंतर आणि रात्री मालिका पाहताना प्रत्येकी वीस वेळा करावा. पोळ्यांची बाई महिनाभर नव्हे, कायम येणार आहे. तिच्या पोळ्या जाड होतात हे मला मान्य आहे, पण तुझे मनगट पोळपाटापेक्षा मोलाचे आहे. मोरीत दोन्ही भिंतींना धरायच्या दांड्या बसवायला पुढच्या आठवड्यात माणूस येईल. त्याला "नंतर या" म्हणून परत पाठवू नये. जिन्यातला दिवा रात्रभर चालू ठेवावा, वीजबिल मी भरते. बाबांनी सोमवारचा उपवास सोडावा असे मी म्हणत नाही, पण गोळीच्या आधी केळे आणि दूध घ्यावे. शंकराला ते चालते, हे तुमच्याच तोंडून मी लहानपणी ऐकले आहे, मला ताप असताना.

कधी कधी वाटते, मी तुम्हाला इकडे पुण्याला आणून ठेवले असते तर सगळ्यांचे म्हणणे हेच झाले असते की लेकीने चांगले केले. सोन्याही बंगळूरहून तेच म्हणतो. पण बाराव्या मजल्यावर तुम्हाला कुठला ऋतू दिसणार? पावसाची पहिली सर अजिंक्यताऱ्यावरून खाली कशी उतरत येते, हे तुम्ही परसातल्या पायरीवर बसून सांगता आणि पाच मिनिटांनी खरोखर आपल्या अंगणात पाऊस येतो. ती पायरी मला तुमच्यापासून तोडायची नाही. म्हणून मी माणसे हलवली नाहीत, गाडी हलवली. यात माझे चुकले असेल तर बाबा, मला रागवा, फोनवर रागवा, घरी आल्यावर समोर बसवून रागवा. पण अबोला धरू नका. तुमचा अबोला मला लहानपणीही सोसत नसे आणि अजूनही सोसत नाही.

कासचे ठरले आहे. येत्या मंगळवारचे प्रवेशाचे आरक्षण मी तिघांच्या नावाने ऑनलाइन केले आहे. मी सोमवारी रात्रीच घरी येते. रविवार मुद्दाम टाळला, कारण सुट्टीच्या दिवशी घाटात गाड्यांची रांग लागते आणि बाबांना तिथे थांबून राहणे आवडत नाही. सकाळी साडेसहाला गाडी दाराशी असेल. दोघांनी निघण्यापूर्वी पोटभर न्याहारी करायची आहे. कानटोपी आणि स्वेटर बाहेर काढून ठेवावेत, आणि आईने पायात पट्ट्याच्या चपला घालाव्यात, त्या निळ्या घसरतात. आता पूर्वीसारखे फुलांत पालथे झोपता येत नाही आणि ते योग्यच आहे, पायवाटेवरूनच पाहायचे. पण वाटेच्या अगदी कडेलाही सीतेची आसवे असतात, आणि भिंग मी पुसून, डबीत घालून, माझ्या पिशवीत ठेवले आहे. ते बाबांनी धरायचे आणि आधी आईला दाखवायचे.

वाटेत गाडी बंद पडायची नाही, तरी त्या वळणाच्या पुढे, घाट संपतो तिथे, मी ती पाच मिनिटे थांबवायला सांगितली आहे. धपाटे मी इथून करून आणते. आईने काही करू नये. दही तेवढे सोमवारी रात्री विरजून ठेवावे, तुझ्याच हातचे.

तुमची,
ताई